'बोस्ट' म्हणजे फुशारकीच का? घरात दोन दिवस वाद चालू आहे, जाणकारांनी सांगा

गिरणारेची_सूनबाई

नमस्कार मंडळी. शंका इंग्रजीची आहे पण वाद मराठीत चाललाय म्हणून इथे टाकतेय.

आमची नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी बागेच्या कडेला चार खोल्या बांधल्या, मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवार राहायला येतात, चुलीवरची भाकरी, सकाळी बागेत चक्कर, संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे बघत बसायचं, एवढंच आमचं. या सीझनला दोन जोडपी बाहेरच्या देशातली येऊन गेली तेव्हा ठरलं की इंग्रजीत एक पान छापून खोल्यांमध्ये ठेवू आणि व्हॉट्सॲपवर पण पाठवता येईल. मजकूर भाच्यानं लिहिला, तो कॉलेजात आहे, चांगलं लिहितो. पहिलंच वाक्य होतं, 'अवर फार्म बोस्ट्स ऑफ लश ग्रीन व्हिनयार्ड्स अँड अ ग्रँड व्ह्यू ऑफ गंगापूर डॅम'.

अण्णांनी (माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेत 36 वर्षं शिक्षक होते) ते वाचलं, लाल पेन काढलं आणि 'बोस्ट्स' ला गोल केला. मला म्हणाले, "सूनबाई, हे काय लिहिलंय पोरानं, बोस्ट म्हणजे फुशारकी मारणं. आपल्या घरात कधी कुणी पाहुण्यासमोर फुशारकी मारली का?" भाचा म्हणतो, अहो आजोबा प्रत्येक हॉटेलवाला हेच लिहितो, त्याचा अर्थ तसा नसतो. दोघंही ऐकायला तयार नाहीत.

आणि याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. माझी मुलगी अंबडच्या एका कंपनीत दोन वर्षांपासून आहे, तिचा अप्रेजलचा फॉर्म आलाय, त्यात सेल्फ असेसमेंट म्हणून रकाना आहे, तिनं तीन ओळी लिहिल्या की दिलेलं काम वेळेत केलं वगैरे आणि तिच्या सरांनी परत पाठवला की अजून लिही, यातून काहीच कळत नाही. ती म्हणते आई मला ब्रॅग करायला जमत नाही, नको वाटतं. मी म्हटलं ब्रॅग आणि बोस्टमध्ये फरक काय, तर तिलाही नीट सांगता येईना.

आपल्याकडे कसं बढाई वेगळी, फुशारकी वेगळी, शेखी वेगळी, टेंभा मिरवणं वेगळं, भाव खाणं तर अजूनच वेगळं, ऐकलं की लगेच माणूस डोळ्यासमोर येतो. इंग्रजीत पण असे वेगवेगळे असतीलच ना? कुठला कुठे वापरायचा, कुणी सांगेल का?

मास्तर_सिडको

ताई, अण्णांना माझा नमस्कार सांगा. मीही आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, आता रिटायर्ड आहे. त्यांनी शब्दाला गोल केला ते बरोबरच केलं, फक्त चूक ते म्हणतात तिथे नाही, त्याच्या पुढच्या शब्दात आहे.

बोस्ट हे क्रियापद दोन तऱ्हेनं चालतं. एक म्हणजे माणूस बोस्ट करतो, तेव्हा पुढे 'ऑफ' किंवा 'अबाउट' येतं नाहीतर 'दॅट' लावून आख्खं वाक्य येतं, जसं 'ही बोस्टेड अबाउट हिज मार्क्स'. ही आपली बढाई, आणि ऐकणाऱ्याला ते आवडलेलं नाही हेही त्या शब्दातच येतं. दुसरं म्हणजे गाव, इमारत, शहर, संस्था असं काहीतरी बोस्ट करतं, तेव्हा पुढे ऑफ वगैरे काही लागत नाही, थेट कर्म येतं, 'द टाउन बोस्ट्स अ फाइन लायब्ररी'. इथे फुशारकीचा वास नाही, अर्थ इतकाच की गावाला अभिमान वाटावा अशी लायब्ररी तिथे आहे. म्हणजे भाच्याला अर्थ हवा होता दुसरा आणि 'ऑफ' लावला पहिल्याचा. आपल्याकडे ही चूक इतकी सर्रास होते की पेपरात, सरकारी माहितीपत्रकात सगळीकडे दिसते, मी वर्गात दरवर्षी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून मुलांना खालीवर वाचायला लावायचो.

'ऑफ' काढलं तर वाक्य शुद्ध होईल, पण मी तरीही ते ठेवणार नाही. कारण शेत तुमचं, लिहिणारे तुम्ही. 'द टाउन बोस्ट्स' असं तिसरा माणूस लिहितो तेव्हा ते कौतुक होतं, मालकानंच स्वतःच्या शेताबद्दल लिहिलं की वाचणाऱ्याला बारीकसं खटकतं आणि शिवाय तो शब्द हॉटेलवाल्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलाय. सरळ 'हॅज' लिहा.

आता ब्रॅग. हा बोलीतला, जास्त कडक. बोस्टला निदान तो दुसरा चांगला अर्थ आहे, ब्रॅगला नाही, कुठलंही गाव ब्रॅग करत नाही, ब्रॅग माणूसच करतो आणि तोंडानंच करतो. आपली शेखी मिरवणं याच्या सगळ्यात जवळ. कुणी 'आय डोन्ट मीन टू ब्रॅग, बट' अशी सुरुवात केली की पुढे काय येणार ते कळतंच, आपल्याकडे नाही का, 'मी म्हणून सांगत नाही, पण'.

शो ऑफ मात्र तोंडानं नाही, करून. नवी बुलेट घेतली आणि कॉलेज रोडला विनाकारण तीन चकरा मारल्या, एक शब्द न बोलता, तर तो ब्रॅग नाही, तो शो ऑफ. असं करणाऱ्या माणसालाही शो-ऑफच म्हणतात.

आणि टेंभा मिरवण्यासाठी माझ्या मते सगळ्यात बरोबर शब्द फ्लाँट. टेंभा म्हणजे मशाल, मिरवणुकीत टेंभा उंच धरला की सगळ्यांची नजर तिकडे जाणार, तसं आपल्याकडचं काहीतरी लोकांच्या नजरेत भरेल असं उंच धरून फिरणं म्हणजे फ्लाँट. पैसा, दागिने, मोठ्या लोकांची ओळख, काहीही. एक सांभाळा, फ्लाँट आणि फ्लाउट वेगळे आहेत. फ्लाउट म्हणजे नियम धाब्यावर बसवणं. 'ही फ्लाँटेड द रूल्स' असं चांगले शिकलेले लोक लिहितात, ते चूक आहे, तिथे फ्लाउट हवं.

क्रो हा कोंबड्याचा शब्द, जिंकल्यावर आरवत सुटणं. आणि ग्लोट म्हणजे आपल्या जिंकण्यापेक्षा दुसरा पडला याचा आनंद जास्त, तोही चघळत चघळत.

गिरणारेची_सूनबाई

मास्तर खूप धन्यवाद, अण्णांना वाचून दाखवलं, 'ऑफ' वाली गोष्ट ऐकून ते एकदम गप्प झाले आणि मग भाच्याला जवळ बोलावून म्हणाले चल दोघांची निम्मी निम्मी चूक. ग्लोटला मराठीत एक शब्द आहे का? मला 'कशी जिरली' एवढंच सुचतंय.

मास्तर_सिडको

'कशी जिरली' म्हणून मनातल्या मनात गुदगुल्या होणं, हेच ते. एका शब्दात बसत नाही आणि बसवायची गरजही नाही. आसुरी आनंद म्हणतात पण तो जरा पुस्तकी आणि फार मोठा वाटतो, ग्लोट शेजारणीची बर्फी बिघडली तरी करता येतं.

फ्लेक्स_नको_काम_हवं

यंग जनरेशनचा शब्द राहिला, फ्लेक्स! इंग्रजीत फ्लेक्स म्हणजे मुळात वाकवणं, दंड वाकवून बेटकुळी दाखवतात ना ते, त्यावरून हिप-हॉपवाल्यांनी उचलला आणि आता आमच्या ग्रुपवर कुणी नवा फोन टाकला की लगेच 'फ्लेक्स करतोय' असं लिहितात. मला यात आवडतं ते हे की आपल्या नाशकात फ्लेक्स म्हणजे चौकातला बॅनर, वाढदिवसाचा, मधे भाऊंचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस बारके फोटो. तो फ्लेक्स वाकणाऱ्या प्लास्टिकवरून आला आणि हा दंडावरून, पण शब्द मुळात एकच, वाकणं, आणि दोन्हीचा अर्थ फिरून एकाच ठिकाणी आला. मी द्वारका सर्कलला अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा समोर असाच एक फ्लेक्स होता आणि मला हे सुचलं, तेव्हापासून कुणाला तरी सांगायचं होतं.

चमकोगिरीला ग्रँडस्टँडिंग म्हणतात, हेही लिहून ठेवा. प्रेक्षकांच्या स्टँडकडे बघून खेळणं, टीमसाठी नाही.

सावाना_सभासद

विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी सार्वजनिक वाचनालयात पडीक असणारा माणूस (आपलं सावाना 1840 पासूनचं आहे, नवीन नाशिककरांना माहीत नसतं), आणि इंग्रजीत बढाईचे सगळ्यात भारदस्त शब्द आहेत ते चक्क नाटकातल्या आणि काव्यातल्या पात्रांवरून आलेत, आपण कसं लावालावी करणाऱ्याला नारद म्हणतो तसं.

ब्रॅगाडोशियो घ्या. एडमंड स्पेन्सर नावाच्या कवीनं 1590 मध्ये 'द फेअरी क्वीन' या महाकाव्याचा पहिला भाग छापला, त्यात ब्रॅगाडोकियो नावाचा एक भामटा आहे. ब्रॅग हा साधा इंग्रजी शब्द, त्याला इटालियन वाटेल असं शेपूट लावून स्पेन्सरनं ते नाव बनवलं. हा गडी करतो काय, तर सर गायन नावाच्या खऱ्या योद्ध्याचा घोडा आणि भाला चोरतो आणि मग आपणच मोठे सरदार म्हणून हिंडतो. म्हणून ब्रॅगाडोशियो म्हणजे नुसती बढाई नाही, आतून पोकळ असलेली बढाई. आपल्याकडे बडा घर पोकळ वासा म्हणतात तीच जात. टेक्सासकडे याला मस्त म्हण आहे, ऑल हॅट अँड नो कॅटल, डोक्यावर गुराख्याची टोपी भलीमोठी पण गोठ्यात एक गाय नाही.

दुसरा रोडोमाँटेड. रोडोमाँटे हा इटालियन महाकाव्यांतला अल्जीअर्सचा राजा, आधी बोयार्डोनं लिहिला मग आरिओस्टोनं. पण हा भित्रा नाही हं, खरा शूर आहे, फक्त तोंड थांबत नाही. म्हणजे ब्रॅगाडोशियोत हात रिकामे आणि तोंड मोठं, रोडोमाँटेडमध्ये हातही चालतो पण तोंड त्याच्यापुढे धावतं. वल्गना हा आपला शब्द इथे मला बरोबर वाटतो, संस्कृतात वल्ग् म्हणजे उड्या मारणं, घोडा थयथयाट करतो तसं.

तिसरा गॅस्कोनेड, हा तर आख्ख्या मुलखाच्या नावावरून आलाय, फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा गॅस्कनी प्रांत, तिथले लोक बढाईखोर म्हणून उगाच बदनाम. एका गावावर असा शिक्का बसला की चारशे वर्षं पुसला जात नाही, हे वाचून मला वाईट वाटतं खरं सांगायचं तर.

आणि या सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे थ्रासो, रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकातला बढाईखोर शिपाई, नाटक इसवी सनापूर्वी 161 चं. त्यावरून थ्रासॉनिकल. शेक्सपिअरनं 'ॲज यू लाइक इट' मध्ये ज्युलियस सीझरच्या 'मी आलो, मी पाहिलं, मी जिंकलं' या वाक्याला थ्रासॉनिकल ब्रॅग म्हटलंय.

हे शब्द ताईंच्या पानावर वापरायचे नाहीत अर्थात, रोजच्या बोलण्यातही कुणी वापरत नाही, पण पेपरच्या अग्रलेखात भेटले तर ओळख पटावी.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, बढाई ही वाईट गोष्ट नव्हतीच. बेओत नावाचा शब्द होता, योद्धा राजाच्या दिवाणखान्यात मद्याचा पेला हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगायचा की मी अमुक करीन नाहीतर मरेन. 'बेओवुल्फ' काव्यात तो नायक असंच सांगतो की ग्रेंडेल राक्षसाशी मी शस्त्राशिवाय लढीन, आणि लढतो. हे वाचलं तेव्हा मला आपला विडा उचलणं आठवलं. विजापूरच्या दरबारात अफजलखानानं विडा उचलला ती गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. भर दरबारात तबकातला विडा उचलला की बोललेलं मागे घेता येत नाही. बेओत तेच. बोलणं आणि करणं यांच्यात दोरी बांधलेली असायची. त्याच काळात गिएल्पन असा अजून एक शब्द होता, त्याचाही अर्थ बढाई मारणं, तो शब्द झिजत झिजत आजचा येल्प झाला, येल्प म्हणजे कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यावर ते जे क्यांव करतं ते.

पंचवटीची_काकू

वाचून खूप छान वाटलं. मी शिकलेली कमी आहे पण कीर्तनात ऐकलेलं सांगते. कर्णपर्वात धर्मराज रागाच्या भरात अर्जुनाच्या गांडीवाला नावं ठेवतो, आणि अर्जुनाची तर प्रतिज्ञा असते की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मारीन. मग श्रीकृष्ण मार्ग काढतो की मोठ्या भावाला अरे-तुरे करून अपमान कर, तोच त्याचा वध. अर्जुन तसं करतो आणि मग लाजेनं स्वतःलाच मारायला निघतो, तेव्हा श्रीकृष्ण सांगतो की तू स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. हे महाराज सांगायचे तेव्हा मंडपात एकदम शांत व्हायचं.

आणि समर्थांनी टाकळीला बारा वर्षं तप केलं ते आपल्या नाशिकचंच ठिकाण. मूर्खलक्षणात त्यांनी आपली आपण स्तुती करणारा सांगितलाय आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा पण सांगितलाय. या दुसऱ्याला इंग्रजीत शब्द आहे का हो, स्वतः काही केलं नाही पण आमचे आजोबा असे होते नि तसे होते?

मास्तर_सिडको

काकू, नेमका तसा एक शब्द मला सुचत नाही. नेम-ड्रॉपिंग आहे, पण ते जिवंत मोठ्या लोकांची नावं बोलता बोलता मधे टाकणं, आमदार आपले खास, कलेक्टरांशी कालच फोन झाला, त्यातलं. वडिलांची कीर्ती सांगणं ही आपल्याकडे समर्थांनी वेगळी ओळखली, हे तुम्ही आठवण करून दिली म्हणून लक्षात आलं.

लेणीवेडा

मी दर रविवारी पांडवलेणी चढतो, त्यामुळे माझं म्हणणं तिकडूनच येणार.

या विषयाचं एक खूप जुनं उदाहरण आपल्या डोक्यावर कोरलेलं आहे. 10 नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, हा क्षत्रप (शकांचा सुभेदार) नहपानाचा जावई. लेख सुरू होतो तो दानाच्या यादीनं, तीन लाख गायी दिल्या, सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, घाट बांधले, आणि त्रिरश्मी डोंगरात (म्हणजे याच पांडवलेणीच्या) हे लेणं आणि पाण्याची टाकी केली. इथपर्यंत तो 'त्यानं केलं' असं तिसऱ्या पुरुषात चालतो. मग अचानक भाषा बदलते आणि तो 'मी' वर येतो, की मी उत्तमभद्रांना सोडवायला गेलो आणि मालय लोक माझ्या येण्याच्या नुसत्या आवाजानंच पळाले. उन्हात डोळे बारीक करून मी ती ओळ शोधत असतो दर वेळी. दानाची यादी मला बढाई वाटत नाही, तो हिशोब आहे, कुणाला काय दिलं ते दगडात नोंदवून ठेवलंय, पुढच्या राजानं काढून घेऊ नये म्हणून. पण 'नुसत्या आवाजानं पळाले', इथे मात्र माणूस बोलला. इंग्रजीत याला मी व्हाँट म्हणेन. व्हाँट हा शब्द व्हेन, व्हॅनिटी यांच्याच घरातला, लॅटिनमधल्या 'पोकळ' अर्थाच्या शब्दावरून. मच-व्हाँटेड असं विशेषण आलं की समजायचं की लिहिणाऱ्याला म्हणायचंय, एवढा गाजावाजा केला होता पण तसं काही दिसलं नाही.

आणि मग 3 नंबरच्या लेण्यात या. गौतमी बलश्रीचा लेख, पुळुमावीच्या राज्याचं 19 वं वर्ष, म्हणजे नातवाच्या राज्यात आजीनं कोरून घेतलेला. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. शब्द उषवदातापेक्षा कितीतरी मोठे आहेत. पण ते कानाला खटकत नाहीत, कारण बोलणारी आई आहे आणि ती मुलाबद्दल बोलतेय. स्वतःबद्दल काय सांगते, तर सत्य बोलणं, दान, क्षमा आणि अहिंसा यात रमलेली. याला प्रशस्ती म्हणतात, इंग्रजीत पॅनेजिरिक किंवा युलॉजी. तेच कौतुक दुसऱ्याच्या तोंडून आलं की नावच बदलतं.

म्हणून ताई, तुमच्या पानावर तुम्ही लिहिण्यापेक्षा आलेल्या पाहुण्यांचे दोन अभिप्राय त्यांच्याच शब्दात छापा.

क्यूए_अंबड

वरचं सगळं वाचलं, भारी आहे, पण मला ताईंच्या मुलीबद्दल लिहायचंय कारण मी तिच्याच इंडस्ट्रियल एरियात आहे आणि पहिली पाच वर्षं मीही असंच तीन ओळीत फॉर्म भरला. मराठी मीडियममधून आलो, घरी शिकवण एकच, आपलं काम बोललं पाहिजे, आपण नाही. आणि माझं काम बोललं नाही हो, कारण ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं, वरचे साहेब पुण्याला बसतात, त्यांच्यासमोर फक्त तो फॉर्म.

त्यावर लोक दोन चुका करतात. एक तर मोठे शब्द घालतात, हार्डवर्किंग, डायनॅमिक, गो-गेटर, हे खरं ब्रॅग, कारण याला पुरावा नाही. नाहीतर हंबलब्रॅग करतात. हा शब्द ट्विटरवरून आला, हॅरिस विटेल्स नावाच्या अमेरिकन कॉमेडी लेखकानं 2010 मध्ये त्या नावाचं अकाउंट काढलं आणि नम्रतेच्या पांघरुणाखाली बढाई मारणाऱ्यांचे मेसेज तिथे गोळा केले. 'माझा वीकनेस म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे इंटरव्ह्यूतलं वाक्य त्यातलंच, रडल्यासारखं करून मिरवायचं. ऐकणाऱ्याला सरळ बढाईपेक्षा याचा राग जास्त येतो, कारण त्यात दोन्ही आलं, बढाई पण आणि लपवाछपवी पण.

मी शेवटी शिकलो ते असं. विशेषण काढायचं, क्रियापद आणि आकडा ठेवायचा. माझी ओळ होती, 'आय वर्क्ड हार्ड टू इम्प्रूव्ह क्वालिटी'. आमच्या लाईनवर एका पार्टच्या होलचा साईज कधी कधी बाहेर जायचा, गेज (होल मोजायचं साधन) वर्षानुवर्षं तेच, घासलेलं, मी ते बदलून घेतलं आणि शिफ्टच्या सुरुवातीला पहिले पाच पार्ट चेक करायची पद्धत लावली, कस्टमरकडून महिन्याला अकरा लॉट परत यायचे ते तीनवर आले. हे सगळं घडलं होतं आणि मी लिहिलं काय तर वर्क्ड हार्ड. पुढच्या वर्षी लिहिलं, 'आय रिप्लेस्ड द वर्न गेज अँड स्टार्टेड अ फर्स्ट-फाइव्ह चेक, रिटर्न्ड लॉट्स केम डाऊन फ्रॉम इलेव्हन टू थ्री अ मंथ'. यात बढाईचा एक शब्द दाखवा. आणि जे टीमनं केलं तिथे 'वी' लिहायचं, जे आपण केलं तिथे 'आय' लिहायला घाबरायचं नाही. लेणीवेड्यांनी सांगितलं ना, यादी म्हणजे हिशोब, तसंच.

मुलीला सांगा, वर्षभराचे स्वतःचे मेल काढून बस, एका संध्याकाळचं काम आहे.

दिंडोरीचा_बागायतदार

क्यूए भाऊंनी लाख बोललात. आमच्याकडे एक्स्पोर्टचा व्यापारी बागेत आला की शेजारचा म्हणतो एक नंबर माल, असा माल अख्ख्या तालुक्यात नाही, आणि व्यापारी मान हलवत खिशातून मीटर काढतो, दोन मणी पिळतो, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघतो, मण्याचा साईज रिंगनं मोजतो. 18 एमएमची रिंग असते, मणी आरपार गेला की बोलणं संपलं. माझे वडील कधी चांगला माल म्हणायचे नाहीत, घडावरचं पान बाजूला करून धरायचे, बस, बघा म्हणायचे.

ताई, पानावर लिहायचंच असेल तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणजे काय ते चार ओळीत लिहा. मुंबईच्या लोकांना वाटतं वेल लावला की द्राक्षं येतात, एका वेलाला वर्षातून दोनदा कापावं लागतं हे सांगितलं की ते तोंडात बोट घालतात. लश ग्रीन काय कुणीही लिहील.

गिरणारेची_सूनबाई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवणं झाल्यावर अण्णा, भाचा, मी आणि मुलगी असे चौघं ओट्यावर बसलो आणि पान नव्याने लिहिलं. बोस्ट्स गेला, लश गेलं, ग्रँड पण गेलं. आता पहिलं वाक्य असं आहे की आमच्याकडे साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि तिसऱ्या नंबरच्या खोलीतून धरणाचं पाणी दिसतं (बाकीच्या खोल्यांतून दिसत नाही, तेही लिहिलं, भाचा नको म्हणत होता पण अण्णांनी लिहायला लावलं). खाली छाटणीच्या चार ओळी, त्या अण्णांनी मराठीत सांगितल्या आणि भाच्यानं इंग्रजीत उतरवल्या, 'गोडी छाटणी' हा शब्द तसाच ठेवून, कारण त्यात गोडी आहे ती फ्रूट प्रूनिंगमध्ये नाही. शेवटी दोन पाहुण्यांचे अभिप्राय, त्यांना फोन करून विचारूनच घेतले.

मुलीनं जुने मेल काढले. तिला आठवतच नव्हतं की पावसाळ्यात स्टोअरमध्ये पाणी शिरलं तेव्हा रात्री दीडला हिनंच फोन करून माल वरच्या रॅकवर हलवायला लावला होता आणि एकही बॉक्स भिजला नव्हता. एवढी मोठी गोष्ट तिनं मला पण सांगितली नव्हती. फॉर्ममध्ये ती ओळ 'आय' नं सुरू होते. तिनं तीनदा खोडून 'वी' केलं, अण्णांनी विचारलं, "फोन कुणी केला होता?" ती म्हणाली मी. "मग आय लिही."